डोळ्यातला दुसरा ठिपका

९ जून

अक्का,

पायांना नमस्कार, तोंडाला दुरूनच.

फोनवर मी नुसता हो-हो करतो आणि ऐकत काहीच नाही, हा तुझा जुना आरोप. परवाही "नीट सविस्तर लिही" म्हणून तू फोन ठेवून दिलास. तेव्हा घे, सविस्तर.

गेल्या वर्षी आली होतीस तेव्हा तू विचारलं होतंस, "भिंगरी डाव्या गालात बारीक झाली का रे?" मी म्हणालो होतो, उजेड तसा पडलाय. उजेडाचा काही दोष नव्हता. पोरीच्या आजाराला दोन माणसांची नावं जोडून केलेलं एक लांबलचक नाव आहे, ते मला अजून धड म्हणता येत नाही. यात चेहऱ्याची एकच बाजू आतून झिजत जाते. आधी कातडीखालची चरबी, मग स्नायू, कधीकधी हाडसुद्धा. का होतं ते कुणाला माहीत नाही. कधी थांबेल तेही माहीत नाही. कधीतरी आपणहून थांबतं म्हणे.

डॉक्टरांना एवढंच माहीत आहे. बाकीच्यांना मात्र सगळं माहीत होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते ती एकाच कुशीवर झोपते. माझ्या सासऱ्यांच्या मते एकाच बाजूने चावते. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी रोज फुगे फुगवायला सांगितले. महिनाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती, इतके फुगे. उजवा गाल चांगला दणकट झाला.

आता खरी गंमत ऐक. हॉस्पिटलात पहिल्या मजल्यावर मोठे डॉक्टर बसतात. त्यांचं म्हणणं, थांबा. आठवड्यातून एकदाची गोळी चालू ठेवा, वर्षभर चेहरा जसाच्या तसा राहिला म्हणजे आजार निवला असं समजू, आणि मग एकदाच काय ती शस्त्रक्रिया करू. आत्ता पोटाची चरबी काढून गालात भरली तर आजार तीही खाऊन टाकेल. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाई बसतात. त्यांचं म्हणणं, आत्ताच थोडी भरू, विरली तर पुन्हा भरू, पोरीनं शाळेची सगळी वर्षं वाट बघण्यात का घालवायची? दोघांच्या मध्ये एक जिना आहे. दोघांपैकी कुणीही तो चढत-उतरत नाही. ते काम आमच्याकडे आहे.

माझं मत विचारशील तर उद्या करा म्हणेन. पोरगी अकरा वर्षांची झाली, पुढच्या वर्षी नव्या शाळेत जाईल. पण बायको म्हणते, आधी अक्कांना विचारा. घरात माझ्या मताची किंमत तुला ठाऊकच आहे.

आम्ही लांब राहतो म्हणून दर तीन महिन्यांनी भिंगरीचा फोटो पाठवायचा आहे. पहिला त्यांनीच काढला. पुढचे मी काढायचे, आणि ते कसे काढायचे त्याचा छापील कागद मला दिलाय. केस मागे घ्यावेत, हसू नये, समोर एकच दिवा असावा. मला दिलाय कागद. ज्याची हयात बाबांच्या स्टुडिओत गेली त्याला.

तुझा, अजूनही धाकटाच,
छोट्या


२१ जून

छोट्या,

आशीर्वाद. तुला पुष्कळ लागणार आहेत, म्हणून जरा जास्तच धाडते आहे.

उद्या करा म्हणे. नखं कापायची आहेत का? ऑपरेशन थिएटरमध्ये मी जन्म काढलाय, तिथे घाईने आलेले बाप मी ओळीने पाहिलेत. सगळ्यांना पोराला टेबलावर झोपवायची घाई, आणि टेबल दिसलं की आधी घेरी त्यांनाच. भिंतीत पाणी मुरत असताना गिलावा करायला निघालेला गवंडी तू कामावर ठेवशील? मग आपल्या पोरीच्या गालाला का ठेवतोस? मोठे डॉक्टर बरोबर बोलतायत.

डॉक्टरीणबाईही काही वेड्या नाहीत. त्यांच्यासारखं करणारे हल्ली बरेच आहेत आणि त्यांची मुलंही चांगली दिसतात, हे मी मान्य करते. पण मी एका मुलाला याच आजारासाठी पुन्हा पुन्हा त्याच टेबलावर घेतलंय. भरलं, विरलं, परत भरलं. शेवटी तो मला सिस्टर म्हणायचा बंद झाला आणि घरातल्यासारखी नावाने हाक मारायला लागला. बाकीच्यांना त्याचं कौतुक वाटलं. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. भिंगरीने कुठल्याही नर्सला नावाने ओळखू नये एवढंच मला वाटतं.

तेव्हा घाई कुणाला आहे, तिच्या गालाला की तुझ्या डोळ्यांना, ते आधी ठरव.

फोटोची एकेक प्रत मला पाठवत जा. आणि कागदावर लिहिलंय तसाच काढ, कलाकारी नको. बाबांच्या स्टुडिओत पांढरा पुठ्ठा धरून माझे हात भरून यायचे ते मी विसरलेली नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की बाबा विचारायचे, "कोणती बाजू?" म्हणजे फोटोत पुढे कोणती घ्यायची. मग जी बाजू पडकी असेल तिच्या शेजारी मी पुठ्ठा धरून उभी. दिव्याचा उजेड पुठ्ठ्यावरून उलटा तिथे पडायचा आणि गालफडं बसलेला माणूसही गोबरा होऊन घरी जायचा. बाबांना लोक देवमाणूस म्हणायचे. माझ्या हातांना कुणी काही म्हणालं नाही.

गोळी चुकवू नकोस.

अक्का


२ ऑक्टोबर

अक्का,

तुझं पत्र वाचून बायकोने ते कपाटात जपून ठेवलं. माझी पत्रं ती वाण्याच्या यादीखाली ठेवते.

तर तुम्ही दोघी आणि मोठे डॉक्टर, असे तिघे जिंकलात. आम्ही थांबलोय. थांबणं हा फार मोठा उपचार आहे, त्यात बापाला काहीच करायचं नसतं. गोळीच्या दिवशी भिंगरी जेवत नाही, नुसत्या वासाने तिला मळमळतं. मी ताटासमोर बसून गोष्टी सांगतो. ती म्हणते, "बाबा, तुमच्या गोष्टीनेही मळमळतं." जीभ तुझ्यावर गेली आहे, ती काही झिजत नाही.

शाळेत वर्गाचा फोटो काढायला दरवर्षीप्रमाणे मीच गेलो. बाईंनी भिंगरीला ओळीच्या टोकाला उभं केलं, डावी बाजू खांबाआड जाईल अशी. मला हळूच म्हणाल्या, "तिला बरं वाटेल." मी बटण दाबलं. बाई फार समंजस आहेत. मीही फार समंजस आहे.

सोबत दोन फोटो आहेत, जूनचा त्यांचा आणि सप्टेंबरचा माझा. शेजारी ठेवून बघ. गाल आहे तिथेच आहे. उलट माझ्या फोटोत जरा भरल्यासारखाच वाटतो, पण ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही. उगाच त्यांना स्वतःच्या गोळीचा गर्व व्हायचा.

छोट्या


१४ ऑक्टोबर

छोट्या,

फोटो मिळाले. तुझा जास्त चांगला आहे, हे तुला ऐकायचं होतं ना, घे. गाल खरंच थांबल्यासारखा दिसतोय. मी आजवर कुणाला "बरं झालं" म्हणायची घाई केलेली नाही, आजही करणार नाही. पण त्या दिवशी मला झोप चांगली लागली.

खांबाचं वाचलं. पुढच्या वर्षी बाईंना खांबाआड उभं कर आणि मग बटण दाब.

अक्का


११ मार्च

अक्का,

हार माझी आणि आनंदही माझाच.

डिसेंबरचा फोटो तुला पाठवलाच होता, मार्चचा सोबत आहे. काडीचाही फरक नाही. परवा हॉस्पिटलात गेलो तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सगळे फोटो ओळीने लावले. भिंगरीलाही समोर बसवून बोटांनी गाल चाचपला. म्हणाले, "हाताला थोडं वेगळं वाटतंय खरं, पण हात विसरतो, फोटो विसरत नाही." फोटो कुणी काढलेत तेही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी. ते म्हणाले, "व्वा." अक्का, त्या छापील कागदाचा सूड मी त्या एका शब्दात उगवला.

आता ठरलंय ते असं. एप्रिल अखेर गोळी बंद. जूनमध्ये वर्ष भरलं की सुट्टी संपायच्या आत शस्त्रक्रिया. नवी शाळा, नवा गाल. दुसऱ्या मजल्यावर जायची गरजच उरली नाही.

कुरकुर आहे ती एकट्या भिंगरीची. चष्मा सारखा डावीकडे उतरतो म्हणते. चष्मेवाल्याकडे तीन खेपा झाल्या, दर वेळी तो दांडी वाकवून देतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. हल्ली कुणाला धड काम करायला नको. जेवताना गाल आतून दाताखाली येतो अशीही तिची तक्रार आहे, पण ती जेवताना बडबड किती करते ते तू पाहिलं आहेस.

जूनला ये. आणि येताना तुझा तो बरोबर असल्याचा चेहरा घेऊन ये, मी काही म्हणणार नाही.

छोट्या


२० मार्च

छोट्या,

हे पत्र एकटा असताना वाच आणि वाचून झाल्यावर लगेच मला शिव्या देऊ नकोस. थोड्या वेळाने दे.

पत्र वाचून मला हसू आलं होतं. चष्म्याच्या ओळीशी ते थांबलं. चष्मेवाला महिन्यामागून महिना दांडी वाकवतोय. अरे, दांडी तीच आहे. तिच्याखालचं उतरतंय. आणि गाल आतून दाताखाली येतो तो बडबडीने येत असता तर माझा कधीच उरला नसता.

मग मी चारही फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले आणि गाल बघायचं सोडून डोळे बघितले. हॉस्पिटलच्या फोटोत भिंगरीच्या डाव्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका आहे. समोरच्या दिव्याचा. तुझ्या तिन्ही फोटोंत दोन आहेत. एक दिव्याचा, आणि दुसरा कडेला, मोठा, पांढरट, चौकोनी. तो ठिपका मी ओळखणार नाही तर कोण ओळखेल? लहानपणभर तो ठिपका मीच होते.

तू डाव्या बाजूला पुठ्ठा ठेवलास. सप्टेंबरात ठेवलास, डिसेंबरात बहुतेक अजून जवळ सरकवलास, मार्चमध्ये त्याहून जवळ. गाल जेवढा आत गेला तेवढा तू उजेड वाढवलास. म्हणून फरक दिसत नाही. मोठ्या डॉक्टरांनी तिचा गाल नाही, तुझी कारागिरी तपासली.

तू लबाडी केलीस असं मी म्हणत नाही. तुझ्यात तेवढी अक्कल नाही. स्टुलावर बसलेल्या माणसाची पडकी बाजू दिसली की आपल्या घराण्याचा हात आपोआप पुठ्ठ्याकडे जातो. पण आजार चालू असताना गोळी बंद होणार आहे, छोट्या. आणि जूनमध्ये तुझी पोरगी टेबलावर झोपणार आहे, मुरत्या भिंतीला गिलावा करून घ्यायला. मला भीती वाटते आहे. ही ओळ मी चेष्टेत लिहिलेली नाही.

खरे फोटो काढ आणि डॉक्टरांना नेऊन दाखव. मला उत्तर नको.

अक्का


२५ मार्च

अक्का,

उत्तर नको म्हणालीस म्हणूनच देतोय.

निवृत्त झाल्यापासून तुला कामं उरली नाहीत हे मी समजू शकतो. पण म्हणून बसल्या जागेवरून फोटोतले ठिपके मोजायचे आणि पोरीची ठरलेली तारीख मोडायची? नऊ महिने आम्ही थांबलो ते तुझ्याच सांगण्यावरून. आता पुढे जायचं म्हटलं की हे. तुला थांबण्याचंच व्यसन लागलंय.

मी माझ्या पोरीच्या फोटोत पुठ्ठा ठेवेन आणि मला कळणार नाही? अक्का, मी एकच दिवा लावला. कागदावर लिहिलं होतं तसाच. केस मागे, हसू नाही. पुठ्ठा वगैरे तर बाबांबरोबरच गेला. मोठा पांढरा थर्माकोल आहे तेवढा, पण तो काही मी ठेवला नाही. तो स्टुलाच्या डाव्या अंगाला कायमचाच उभा असतो, फार तर जरा पुढेमागे

पत्र इथेच थांबवतो.

छोट्या


३० एप्रिल

आत्या,

नमस्कार पायांना करायचा की तोंडाला, ते बाबांसारखं मला ठरवता आलं नाही. सगळीकडे एकेक घे.

बाबा लिहिणार नाहीत म्हणून मी लिहितेय. त्यांना महिनाभर "अक्का" एवढाच शब्द सुचतोय, पुढे कागद कोरा. तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. आलेली आई कपाटात ठेवते आणि चावी कपाटालाच असते. बाबांची मी टपालात टाकायच्या आधी वाचते, कारण पाकीट चिकटवायचं काम माझं आहे. तुमच्या दोघांच्या पत्रांत माझा गाल पुष्कळ वेळा आला. "भिंगरी, तुला काय वाटतं" हे एकदाही आलं नाही. तू तर पाकिटात माझ्यासाठी वेगळी चिठ्ठीसुद्धा कधी घातली नाहीस, आणि म्हणे लाडकी आत्या.

असो. झालं ते असं.

ते अर्धं पत्र टाकून आल्यावर बाबांनी मला स्टुडिओत बोलावलं. थर्माकोल उचलला, बाहेर नेऊन ठेवला, आणि माझा फोटो काढला. मग तो मोठा करून पडद्यावर लावला. मला तो दिसलाच, कारण मी तिथेच बसले होते. मी काही दचकले नाही, मी रोज दात घासताना तोच बघते. पण बाबा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि बराच वेळ बूट बघत राहिले. मग म्हणाले, "मला दिसलंच नाही गं."

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

त्यांनी विचारलं, मग बोलली का नाहीस? आत्या, थर्माकोल दर वेळी जवळ येत होता, मार्चमध्ये तर माझ्या कोपराला लागत होता. मला वाटायचं, बाबांना मी अशी बघवत नाही म्हणून ते असं करतात. आणि फोटो बघून ते इतके खूश व्हायचे. म्हणून नाही बोलले. हे मी त्यांना तसंच्या तसं सांगितलं. त्यांचं तोंड तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखंच वाईट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच हॉस्पिटलात गेले. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की हात विसरत नव्हता, फोटोच विसरला होता. डॉक्टर म्हणे आधी रागावले, मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून घेतलं. आजार चालूच आहे, हळू आहे पण चालू आहे. गोळी बंद नाही, उलट वाढली. जूनची तारीख गेली. चष्मेवाल्याची माफी मात्र अजून राहिली आहे. बाबा त्या रस्त्याने जात नाहीत.

आणि मग, तू खरं मानणार नाहीस, मोठे डॉक्टर जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंच्या खोलीत ते दोघं एका टेबलाशी बसले आणि माझ्यादेखत भांडले. खूप सभ्य भांडले, दोघंही एकमेकांना सर आणि मॅडम म्हणत होते. ते म्हणाले, आत्ता भरलं तर किती टिकेल सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, थांबलो तर किती झिजेल तेही सांगता येत नाही. बराच वेळ असं "सांगता येत नाही" चाललं. मग डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुला काही विचारायचंय?"

मी विचारलं, वाढवलेली गोळी लागू पडतेय की नाही ते कळायला किती वेळ लागेल? ते म्हणाले, पाच-सहा महिने. मी विचारलं, तेव्हा आजार जरा मंदावला असेल, पूर्ण थांबला नसेल, तर थोडंसं भरता येईल का? त्या म्हणाल्या, येईल. ते म्हणाले, पुन्हा करावं लागेल. मी म्हटलं, मग पुन्हा करू. चष्म्याचा नंबरही बदलत राहतो, म्हणून कुणी तो थांबेपर्यंत चष्म्याशिवाय बसत नाही. मोठे डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. तेव्हा ठरलंय असं, की गोळी चालू ठेवायची, सहा महिन्यांनी बघायचं, आणि मग थोडं भरायचं, सगळं नाही. मोठं काम मी मोठी झाल्यावर. नव्या शाळेत मी या गालानेच जाणार आहे. मला भीती वाटतेय, पण खांबाआड उभी राहणार नाही, तसं मी बाबांकडून वचन घेतलंय.

तुझ्या त्या मुलाचं मी वाचलं. मी नर्सला नावाने हाक मारणार नाही, काळजी करू नकोस. पण गाल भरायच्या दिवशी तू तिथे ये. मग मला कुणाला हाक मारावी असं वाटलं तर तू असशील.

आता शेवटचं. काल आणखी एक फोटो काढला, तो हॉस्पिटलसाठी नव्हता. सकाळी बाबांनी थर्माकोलचं तोंड भिंतीकडे केलं, मला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यामागे गेले आणि उगाचच लेन्स पुसत राहिले. मला वाटलं, आता रडणार. तर त्यांनी गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "कोणती बाजू?"

मी त्या स्टुलावर बसते आहे तेव्हापासून त्यांनी मला हे कधीच विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "डावी."

फोटो सोबत आहे. ठिपका एकच आहे, मोजून घे.

तुझी,
भिंगरी